डबा भरून मिळणार नाही

सलोमीमावशींकडे वर्षभर कुणीही भांडं घेऊन जावं आणि भरून आणावं. ताक असो, कालवण असो, आजारी माणसासाठी मऊ भात असो, मावशी नाही म्हणायच्या नाहीत. पण ईस्टरच्या दिवशी जो कोणी त्यांच्या दारात डबा घेऊन येई, त्याला तो रिकामाच परत न्यावा लागे. मग तो चर्चचा पाळक असो, नाहीतर त्यांचा सख्खा भाचा. "डबा भरून मिळणार न्हाय," पदराला हात पुसत मावशी सांगायच्या. "आत ये, हात धू, ताटावर बस. देवाच्या घरचं पार्सल नसतंय." पहिल्यांदा हे ऐकणारा माणूस हमखास रागावायचा आणि दुसऱ्या वर्षी डबा घरी ठेवून यायचा.

मी त्यांची भाडेकरू. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मला सोलापुरात मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि मावशींच्या घरातली पुढची खोली मिळाली. आम्ही अक्कलकोटकडचे लिंगायत. घरात बोलणं कानडी, आणि मांसमच्छीचा वारासुद्धा नाही. खोली बघायला आई, म्हणजे आमची अव्वा, बरोबर आली होती. ख्रिस्ती बाईचं घर म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. मावशींनी ते ओळखलं. चहाचं नाव काढलं नाही, पाण्याचा तांब्याही पुढे केला नाही. "आक्का, नळ तिकडं हाय, तांब्या तुमचा तुमी आणला असंल," एवढंच म्हणाल्या. आपल्याला कुणी भीड घालत नाही हे पाहून अव्वा इतकी खूश झाली, की निघताना तिनंच मावशींकडे चहा मागून घेतला.

मावशी मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. मी राहायला गेले तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. मिलमध्ये काम करणारे त्यांचे यजमान कधीच वारले होते, मूलबाळ नव्हतं. उंच, काळ्यासावळ्या, पांढरं पातळ, आणि आवाज असा की वॉर्डाच्या या टोकाहून त्या टोकाच्या पेशंटनं उठून बसावं. त्यांना एक गमतीची सवय होती. बोलता बोलता त्या समोरच्याचं मनगट धरायच्या आणि नाडी बघायच्या. भाजीवालीशी घासाघीस करतानाही तिचं मनगट यांच्या हातात. "तू खरं बोलायलीस, नाडी शांत हाय," म्हणून सांगेल तो भाव देऊन टाकायच्या. माझंही मनगट रोज संध्याकाळी एकदा तरी धरलं जायचं. घरापासून दूर राहणाऱ्या मुलीला त्याचा केवढा आधार वाटतो, हे ज्याचं त्यालाच कळेल.

ईस्टरला सोलापुरातल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत मटण शिजायचं, त्यात नवल नाही. मावशींकडे मात्र अख्खं कोकरू लागे. मंगळवेढ्याकडचा बिरा धनगर ते आणून द्यायचा. त्याची बायको बाळंतपणात अडली होती तेव्हा मावशींनी तिला सोडवली होती, म्हणून कळपातलं सगळ्यात चांगलं कोकरू तो यांच्यासाठी राखायचा. शनिवारी ते अंगणात बांधलेलं असे. मावशी स्वतः त्याला पाणी पाजत, कपाळावरून हात फिरवत, आणि मग ओळखीच्या खाटकाला बोलावून घेत. "मास्तरीण, दार लाव जा," मला सांगत. "उद्या उघड." मी दार लावून, उशीत डोकं खुपसून पडून राही.

या कोकराचे त्यांचे तीन नियम होते. घर लहान असेल तर शेजाऱ्याला घ्यायचं. सकाळपर्यंत काही उरवायचं नाही. आणि घराबाहेर काही न्यायचं नाही, खायचं ते एका घरात बसून. हे नियम त्यांनी शास्त्रातून, म्हणजे बायबलातून, उचलले होते. चर्चचे एक पंच होते, शांतवन गुरुजी. त्यांचा या नियमांवर कायमचा आक्षेप. "बाई, ते यहुद्यांच्या जुन्या सणाचे नियम. आपल्याला लागू नाहीत," ते समजावून सांगत. मावशी ऐकून घेत आणि म्हणत, "कोकरू त्येच हाय न्हवं? मग खायची रीतबी तीच." मावशींचं घर एका माणसाचं. त्यामुळे शेजारी किती घ्यायचे याला धरबंदच नव्हता.

उपासना आटोपून मंडळी आली, की अंगणात पट्ट्या अंथरल्या जात. आधी प्रत्येकाच्या हातावर कडुनिंबाचा कोवळा पाला. "पयलं कडू, मग गोड," मावशी म्हणायच्या. आम्ही पाडव्याला खातो तोच पाला, त्यामुळे तिथं मला परकं वाटलं नाही. मग ज्वारीच्या भाकरी आणि काळ्या तिखटातला झणझणीत रस्सा. माझ्यासाठी वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात, त्याच मसाल्याची भरली वांगी. पहिल्या वर्षी मी खोलीतच जेवते म्हणाले, तर मनगट धरून मला पट्टीवर बसवलं. "हाड न चावणारं माणूसबी मोजणीत असतंय की गं!" दुष्काळाच्या वर्षी कोकरू एवढंसं आलं, तर मावशींनी माणसं कमी केली नाहीत, रस्सा वाढवला.

आता हिराबाईचं सांगते. आमच्या बोळात तेव्हा टोपलीचे संडास होते आणि ते साफ करायला महापालिकेची हिराबाई यायची. ती मागच्या बोळानं येई, मागच्या दारानं जाई. सणासुदीला घरोघरच्या मागच्या दारी भांडं घेऊन उभी राही. बायका तिच्या भांड्यात वरून अन्न टाकायच्या, हात लागू न देता. बोळातल्या सगळ्या जातिधर्मांचं या एका बाबतीत एकमत होतं. मावशी एरवी तिला अन्न हातात देत, औषध देत, तिच्या पोराच्या खरजेवर मलम लावत. पण ईस्टरला ती भांडं घेऊन आली, की तिलाही तेच उत्तर मिळे. डबा भरून मिळणार नाही, आत येऊन बस. हिराबाई मान हलवून निघून जायची. मावशींना वाटायचं, तिला काम असेल.

एका ईस्टरनंतर मी मागच्या दारात भांडी घासत होते. हिराबाई आपणहून म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमची मावशी लई गुणाची. पण सणाला तेवढा हात आखडता घेती. दर साली मला परत लावून देती बगा."

मी म्हटलं, "अगं, त्या तुला आत बोलावतात."

ती हसली. "आत कोन बलवतंय मला? ती म्हनायची रीत आसती. न्हाय म्हनायच्या जागी तसं म्हनायचं."

मावशी आत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. हिराबाई गेल्यावर मी आत गेले, तर सूप मांडीवर तसंच, आणि मावशी भिंतीकडे बघत बसलेल्या. "म्हंजे इतकी वर्सं मी तिला हाकलतच हुते की," त्या म्हणाल्या. "म्हनायला नियम देवाचा, आनि त्यानं हिच्याच तोंडावर दार लावलं." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मावशींना रडताना मी तेव्हा प्रथमच पाहिलं.

पुढच्या ईस्टरच्या आधी मावशी मला बरोबर घेऊन झाडूवाल्यांच्या चाळीत गेल्या. हिराबाईच्या घरात, तिच्या घोंगडीवर बसून त्यांनी तिच्या हातचा चहा घेतला. मग तिचं मनगट धरलं. "हिरा, रविवारी जेवायला यायचं. फुडल्या दारानं. भांडं आनायचं न्हाय." हिराबाई हात सोडवून घेऊ लागली. मावशी म्हणाल्या, "नाडी लई पळायलीय तुझी. भिऊ नको, माझीबी पळायलीय."

ही बातमी बोळात आणि चर्चच्या मंडळीत पोचायला वेळ लागला नाही. शनिवारी गुरुजी आले. माणूस वाईट नव्हता. गरिबांच्या कितीतरी पोरांना त्यांनी फुकट शिकवलं होतं. "बाई, तिला वेगळं वाढा, पोटभर वाढा," ते म्हणाले. "पण पंगतीत नको. एक तर ती आपल्या मंडळीतली नाही."

"ही मास्तरीण कुटं आपल्या मंडळीतली हाय?" मावशींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ती बसती तवा कुनाचं पोट दुकलं न्हाय."

गुरुजी उठले. जाता जाता म्हणाले, "मग कुणी येणार नाही, बाई. कोकरू उरेल तुमचं." त्यांना मावशींचं मर्म बरोबर माहीत होतं.

आणि खरोखरच कुणी आलं नाही. अंगणात पट्ट्या अंथरलेल्या, पातेलं उतरवलेलं, आणि पट्टीवर हिराबाई, तिचा नवरा, कोकरू आणून देऊन थांबलेला बिरा आणि मी. शेजारच्या विणकरांकडची म्हातारी आली. तिला मराठी धड येत नव्हतं, त्यामुळे बहिष्काराची बातमी तिच्यापर्यंत पोचलीच नसावी. हिराबाई पुढच्या दारानं आली होती, धुवट लुगडं नेसून, आणि घास तोंडाकडे नेताना दर वेळी दरवाजाकडे बघत होती. मावशी वाढत होत्या, हसत होत्या, पण पातेल्यात डोकावलं की त्यांचा चेहरा पडत होता. पातेलं निम्म्याहून जास्त भरलेलं होतं. ते सकाळी उरलं असतं, तर गुरुजींचं खरं ठरणार होतं.

ऊन कलल्यावर मागचं दार वाजलं. मीच उघडलं. गुरुजींच्या पत्नी, मार्थाबाई, पदराआड डबा घेऊन उभ्या होत्या. "सलोमी," त्या हळूच म्हणाल्या, "एवढा भरून दे. ह्यांना कळायचं न्हाय. तुझ्या हातचं खाल्ल्याबिगर माझा सण होत न्हाय बग."

मावशी दारात आल्या. डबा भरला असता तर पातेलं तेवढं रिकामं झालं असतं, आणि वर्षानुवर्षांची मैत्रीण खूश झाली असती. मावशींनी डबा हातात घेतला, झाकण लावलं आणि तसाच रिकामा परत दिला. "मार्था, भांडं घिऊन ह्या दाराशी हिरा उबी राहायची," त्या म्हणाल्या. "आज ती फुडल्या दारानं आलीय. तू हितं का उबी हाईस?"

मार्थाबाईंनी डबा पुन्हा पदराआड घेतला. मग वळून निघून गेल्या. मला वाटलं, संपलं. पण थोड्या वेळानं पुढच्या दाराशी त्यांचा आवाज आला, "सलाम, सलोमी." घराला वळसा घालून आल्या होत्या. डबा कुठं ठेवला होता कोण जाणे. हिराबाई घाईनं सरकून जागा करू लागली, तर मावशींनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला आहे तिथंच बसवलं. मार्थाबाई तिच्या शेजारी बसल्या. समोरच्या घरांतल्यांनी पुढच्या दारानं आत जाणाऱ्या मार्थाबाई पाहिल्या, आणि मग एकेक जण येत गेला. दिवे लागेपर्यंत पातेलं पुसून स्वच्छ झालं. गुरुजी तेवढे आले नाहीत. त्या वर्षीही नाहीत आणि मावशींच्या अंगणात नंतरही कधी नाहीत.

पुढं मावशी थकल्या. दम लागायचा, पाय सुजायचे. शेवटच्या थंडीत त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांचं सगळं हिराबाईनं केलं. एक दिवस त्यांनी माझ्यादेखत तिला ते मोठं पातेलं देऊन टाकलं. "बाई, माजं घर केवढं, हे पातेलं केवढं!" हिराबाई म्हणाली. मावशींना बोलायला श्वास पुरत नव्हता, तरी हसल्या. "घर लहान हाय म्हनूनच देतेय. आता तुला शेजारी लई लागतील." आठवड्याभरात त्या गेल्या. जाताना त्यांचं मनगट माझ्या हातात होतं. या वेळी नाडी मीच बघत होते. ती कधी थांबली ते मला कळलंही नाही.

मला वाटलं, ईस्टरचं कोकरू त्यांच्याबरोबर गेलं. पण त्या साली बिरा कोकरू घेऊन आला, तो थेट हिराबाईच्या दारात. ती घरोघर फिरून आमंत्रण देऊन आली, पुढच्या दारानं. "मी कुटली किरिस्ताव? पर बाईचं पातेलं हाय. ते रिकामं कसं ठिवू?" असं प्रत्येकाला सांगत होती. मावशींच्या अंगणात जेवणं निराळं, आणि झाडूवाल्यांच्या चाळीत हिराबाईच्या चुलीवरचं जेवणं निराळं. कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. मी गेले तेव्हा ती उंबऱ्यात उभी होती, धुवट लुगड्यात. कोपऱ्यात नव्या कोऱ्या मडक्यात माझी भरली वांगी झाकून ठेवलेली. मोजणीत मी होते.

मग मार्थाबाई आल्या, आणि त्यांच्यामागं, काठी टेकत, शांतवन गुरुजी. त्यांच्या हातात डबा होता. उंबऱ्याबाहेर थांबून त्यांनी तो पुढं केला. "गुडघ्यानं खाली बसवत नाही हिराबाई," ते म्हणाले. "यात थोडं घाल. घरी नेऊन खाईन."

हिराबाईनं पदराला हात पुसले. आवाज तिचा होता, पण शब्द सगळे मावशींचे होते.

"डबा भरून मिळनार न्हाय, गुर्जी. आत या. हात धुवा. पेटी देते बसायला."

गुरुजींनी डब्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग डबा उंबऱ्याबाहेर ठेवला, चपला काढल्या आणि वाकून आत आले. पत्र्याच्या पेटीवर बसून त्यांनी हात पुढं केला. हिराबाईनं कडुनिंबाचा पाला घेतला. क्षणभर तिचा हात, कुणाला न शिवायच्या सवयीनं, वरच थांबला. मग तिनं तो खाली आणला, आणि पाला त्यांच्या तळहातावर टेकवून ठेवला.