निम्मं माझ्याकडून

“हे आमच्याच पोरीचं कशावरून, ताई?”

रक्ताची नळी उजेडाकडे धरून तो विचारायचा. नावाची चिठ्ठी त्याच्या डोळ्यांदेखत चिकटवली तरी त्याचं समाधान होत नसे. खिशातून कारखान्यातल्या हिरव्या धाग्याचा तुकडा काढून तो नळीला बांधायचा, तेव्हाच खुर्चीवरून उठायचा. संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील. असा पाहिला नसेल.

नव्वदच्या दशकात मी सुरतेत, पर्वत पाटियाजवळच्या एका रक्त तपासणी केंद्रात कामाला होते. तो मूळचा परभणीकडचा, नवागामला राहायचा, लूमवर विणकर. त्याच्या चार वर्षांच्या मुलीला थॅलेसेमिया होता. तिच्या अंगात पुरेसं रक्त बनत नसे, म्हणून दर महिन्याला बाहेरचं चढवावं लागे. त्याचा संशय सगळ्यांवर होता. रक्त देणाऱ्यावर, सुईवर, माझ्या मनगटावरच्या घड्याळावरसुद्धा. सगळ्यात जास्त बायकोवर.

“तिच्या माहेरचंच दुखणं हाय हे,” तो तिच्यादेखत सांगायचा. ती मुलीचे केस विंचरत राहायची.

शेवटी त्याने गावाहून सासऱ्यांना बोलावून घेतलं. त्यांना केंद्रात आणून आमच्यासमोरच म्हणाला, तुमची लेक परत न्या. आमच्या डॉक्टरबाईंनी त्याला थांबवलं. “आधी तुम्हा दोघांचं रक्त तपासू.” तो खुशीने बसला. दोष दोघांतही निघाला.

“नळी बदलली तुम्ही!” तो ओरडला. मग खोट्या नावाने दुसरीकडे जाऊन तपासून आला. आठ दिवसांनी बायको, मुलगी आणि सासऱ्यांना घेऊन आमच्या दारात उभा.

“तिथंबी तेच.”

डॉक्टरबाईंनी त्याला समोर बसवलं. “पेशीत मूळ मजकूर असतो. कामासाठी त्याची नक्कल निघते, तिला आरएनए म्हणतात. त्यातला नको तो भाग कापून बाकीचा जोडायचा असतो. तुम्हा दोघांकडून हिला असा मजकूर आलाय की कापणं चुकीच्या जागी होतं.”

“मग कापणाऱ्यावर नजर कोण ठेवतं?”

“पेशीच ठेवते. बिघडलेली नक्कल दिसली की बरेचदा नष्ट करते. पण चांगली उरतच नाही, मग रक्त कशाचं बनणार?”

“म्हंजे पेशीलाबी संशय येतो,” तो म्हणाला. त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ते हसू लगेच मावळलं. त्याने मुलीकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे वळला.

“मामा, तिला नेऊ नका. निम्मं माझ्याकडून आलंय.”

बायकोने मान वर केली. “हे घरी तुमच्या आईपुढं सांगाल?”

“सांगतो.”

“तपासणीचा कागद घ्या बरोबर,” ती म्हणाली.

पुढे सहा वर्षं ती दोघं मुलीला घेऊन एकत्र येत राहिली. मग एका महिन्यात आलीच नाहीत. मी नवागामला गेले. खोलीला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, पोर तापात गेली, ती दोघं गावी परतली.

मग तिने आवाज खाली केला. “ताई, खरं सांगा, दोष कुणात होता?”

“दोघांत.”

“तोबी असंच सांगायचा सगळ्यांना,” ती म्हणाली. “आम्हाला वाटायचं, बायकोला वाचवायला खोटं बोलतोय.”