सामायिकात वाजलेला फोन

मुगाची डाळ अर्धीच निवडून झाली होती. घड्याळात पावणेअकरा दिसले तसं कस्तुरबाईंनी ताट भिंतीकडे सारलं आणि आसन अंथरलं. रोज सकाळी आठला व्हायचं सामायिक, जैनांची ध्यानाची बैठक, आज कामात मागे पडलं होतं. एकदा बसलं की अठ्ठेचाळीस मिनिटं उठायचं नाही, संसाराचं बोलायचं नाही, विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही. लग्न होऊन घोडेगावात आल्यापासून त्यांनी हे एकदाही मोडलं नव्हतं.

अकरा वाजून पाच मिनिटांनी खिडकीतला फोन वाजला.

सकाळी सिद्धी, त्यांची सून, बजावून गेली होती. "मम्मी, उद्याच्या मुलाखतीची वेळ सांगायला फेलोशिपवाल्यांचा फोन येईल. मी तळेघरच्या अंगणवाडीत असेन, तिथे रेंज नाही म्हणून तुमचा नंबर दिलाय. अकरा ते बारा फोन हातात ठेवा हं." कस्तुरबाईंना वाटलं, हापिसातली माणसं कुठली ठोक्याला फोन करायला!

फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. हातभर अंतर होतं फक्त. त्या नवकार मंत्र म्हणत होत्या, पण ओठ कोरडे पडले होते. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं.

अंगणवाडीतली पोरं खेळता खेळता बोलायला कशी शिकतात, यावर सिद्धीची पीएचडी. पोरांत फतकल मारून बसायची आणि त्यांचं एकेक वाक्य लिहून घ्यायची. कस्तुरबाई हसल्या होत्या, "पोरांचा खेळ बघायला पीएचडी कशाला गं? मी तीन वाढवली, बघायला वेळ नाय मिळाला."

"म्हणून तर, मम्मी," सिद्धी म्हणाली होती.

फेलोशिप नाही मिळाली तर दिवाळीनंतर अभ्यास बंद, दुकानात बसायचं, असं घरात ठरलेलं.

वेळ भरली तशा त्या झटकन उठल्या. फोनवर इंग्रजी मेसेज होता. जिना उतरून कापडदुकानात नवऱ्यापुढे धरला. उत्तमचंदांनी चष्मा लावला.

"मुलाखत उद्याची नाय, आजच आहे. तीनला, व्हिडिओवर. हजर नसली तर नाव रद्द." त्यांनी वर पाहिलं. "तीनदा वाजला, अन् तू काय करत व्हतीस?"

"सामायिकात होते."

त्यांनी चष्मा काढून गल्ल्यावर ठेवला. रागावले असते तर बरं, असं कस्तुरबाईंना वाटलं.

"भगवंतालाच सांगायचं, जरा फोन उचल म्हणून," ते पुटपुटले आणि अंगणवाडीच्या बाईंना फोन लावला. तोही लागेना. बाजाराचा दिवस, दुकानात गिऱ्हाईक उभं, त्यात उत्तमचंदांचा गुडघा धरलेला.

"मी जाते," कस्तुरबाई म्हणाल्या.

"तू? घाटात तुला उलटी व्हते. एकटी कधी गेलीस का?"

नव्हत्याच गेल्या. सामायिकही धड झालं नव्हतं, फोनही नाही. जीप चुकली तर? सिद्धी तिथून दुसऱ्या वाडीवर गेली असली तर? त्यांनी वर जाऊन उकळलेल्या पाण्याची बाटली पिशवीत टाकली, फोन मुठीत आवळला.

निवडायची डाळ वर तशीच राहिली. आता एसटी स्टँडवर जाऊन तळेघरची जीप धरायची आणि सिद्धीला तीनच्या आत रेंजमध्ये आणायचं.