कीबोर्डात संबळ

कीबोर्ड निवडायच्या समितीवर मला घेतलं ते मी वाजवते म्हणून नव्हे. मी महाराष्ट्रातून आले म्हणून. म्हैसुरातल्या जुन्या मराठी घरांची अशी समजूत आहे की तिकडून आलेल्या माणसाला गोंधळ, लावणी, भारूड हे सगळं जन्मतःच येतं. मी साताऱ्याची. शेजारी गोंधळ असला की परीक्षा जवळ आल्यात म्हणून आई खिडक्या लावून घ्यायची. हे मी समितीला सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "पुण्याच्या लोकांच्या अंगी नम्रपणा फार." पुण्याच्या लोकांबद्दल असं कुणी पहिल्यांदाच म्हणत असावं, म्हणून मी ते पुण्याच्या वतीनं मुकाट्यानं स्वीकारलं.

हा समाज पूर्वी कापड रंगवायचा, त्यावर ठसे मारायचा. आता त्यात विमा एजंट आहेत, शिक्षक आहेत, दातांचे दोन डॉक्टर आहेत. घरात मराठी बोलतात. म्हणजे वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये कुठेतरी संपतं. मी नोकरीसाठी इथं आले, हिनकलला घर घेतलं आणि एका वर्षी त्यांच्या गणपतीत हौसेनं दोन गाणी वाजवली. तेव्हापासून वायर असलेली कुठलीही वस्तू बिघडली की मला फोन येतो.

या लोकांत लग्न लागलं तरी ते पुरं होत नाही. नंतर देवीचा गोंधळ घालावा लागतो. त्यात तुळजापूर, कोल्हापूर, माहूर अशा ठिकठिकाणच्या देवींना गाण्याच्या फेऱ्या घेत बोलावतात. समोरच्या डोंगरावरच्या चामुंडीचं नाव अगदी शेवटी घेतात, कारण तिला यायला वेळ लागत नाही. गाणारे दोघे जण आहेत, दोघेही निवृत्त, दोघेही सत्तरीच्या पुढचे. संबळ वाजवणारा मात्र सगळ्या गावात एकच उरला होता: नजरबादचे मामा.

मामा नक्की कुणाचे मामा हे कुणालाच सांगता येत नाही. चाळीस वर्षं त्यांनी समाजातला प्रत्येक गोंधळ वाजवला. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली नाही, उलट मोकळी झाली; पण उजवा हात लुळा पडला. संबळ म्हणजे जोडवाद्य. एक लहान, खणखणीत. एक मोठं, घुमणारं. त्याला दोन्ही हात लागतात. आणि नेमकं त्याच वर्षी त्यांच्या थोरल्या नातवाचं लग्न ठरलं.

कुणीतरी सुचवलं, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावू.

"मोबाईलवर बोलावता देवीला?" मामा म्हणाले. "तिनं अंगठा पाठवला की मग आयतु? झालं तुमचं?"

त्यांनी एकच अट घातली. गोंधळ जसा व्हायचा तसाच झाला पाहिजे. तसा नसेल तर ते मध्येच उठून घरी जाणार, नातवाचा असला तरी. ही नुसती धमकी नव्हती. गाणारे बेताल झाले म्हणून पूर्वी एकदा ते सख्ख्या मेहुण्याच्या गोंधळातून संबळ गुंडाळून निघून गेले होते. त्या मेहुण्याला तीन महिन्यांनी सगळा गोंधळ पुन्हा घालावा लागला. मामा उठले की गोंधळ झालाच नाही, हे समाजानं मान्य केलेलं होतं. त्यामुळे मामांची सून, म्हणजे नवरदेवाची आई, मला दिवसाआड फोन करून विचारायची, "मॅडम, यंत्रानं जमेल ना हो? आमचे हे म्हातारे खरंच उठतील."

अरेंजर कीबोर्ड घ्यावा ही कल्पना माझी. साधा कीबोर्ड तुम्ही वाजवाल तेवढाच वाजतो. अरेंजरच्या पोटात ताल आणि साथ भरलेली असते. डाव्या हातानं दोन-तीन पट्ट्या दाबल्या की मागं अख्खा बॅंड उभा राहतो. काही मॉडेलांत आपण ध्वनिमुद्रित केलेलं वाद्य घालून आपला स्वतःचा तालही बांधता येतो. मामांचं संबळ आत भरायचं, असा माझा साधा बेत होता.

दुकानदारानं आम्हाला दोन कीबोर्ड दाखवले. पहिला लांबलचक, काळाकुळकुळीत, शाही. दुसरा आखूड, राखाडी रंगाचा, सरकारी दवाखान्यातल्या मशीनसारखा. दोन्हींत 'एथनिक' नावाचा एक कप्पा होता. त्यात सतार, तुतारीचा कुणी लांबचा आफ्रिकन भाऊ, जपानी तंतुवाद्य आणि स्कॉटलंडची फुंकायची पिशवी एकत्र कोंबलेली होती. बनवणाऱ्याला ज्यांच्या घरी कधी जेवायला जावं लागलं नाही ते सगळे एथनिक, असा हिशेब दिसला. भारताच्या नावावर एक भांगडा होता आणि 'इंडियन वेडिंग' नावाचा एक ताल. तो वाजल्यावर अध्यक्ष डोळे मिटून म्हणाले, "हा छान आहे. हाच गोंधळ नव्हे का?"

"हा घोडा नाचवायचा ताल आहे, अध्यक्षरे," मी कन्नड 'रे' लावून आदरानं म्हटलं.

"देवीला नाही चालणार?"

"देवीचं माहीत नाही. मामांना नाही चालणार."

काळ्या मॉडेलात बाहेरचा आवाज भरायची सोयच नव्हती, राखाडीत होती. माझ्या दृष्टीनं विषय संपला. अध्यक्ष मात्र दोन्ही कीबोर्ड उलटे करून पाठ बघत होते. हा कीबोर्ड ते वडिलांच्या स्मरणार्थ देणार होते आणि वडिलांचं नाव मागच्या बाजूला, प्रेक्षकांना दिसेल असं, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत लिहायचं होतं. आमच्या सभागृहात पंख्यांच्या पात्यांवर देणगीदारांची नावं आहेत; पंखा बंद असेल तरच ती वाचता येतात, त्यामुळे महत्त्वाचे पाहुणे आले की आम्ही घामाघूम होऊन बसतो. राखाडी कीबोर्डाची पाठ म्हणजे नुसती भोकं आणि जाळ्या. नाव लिहायला चार बोटंसुद्धा जागा नाही.

"मॅडम, हा मोठा बघा. वडिलांचं नाव पूर्ण बसतं, वर 'कैलासवासी'सुद्धा."

"पण याच्यात संबळ बसत नाही."

"संबळ तुम्ही बाजूनं लावा की. सुम्ने, नुसता एक स्पीकर ठेवा."

दुकानदार फार हुशार. तो काळ्याच्या बाजूनं बोलत होता, कारण तो महाग होता. मी दोघांना हरवू शकले नसते. शेवटी मला हा समाज पूर्वी काय करायचा ते आठवलं. मी म्हटलं, "नाव कापडावर छापा आणि स्टॅंडला समोरून बांधा. तुमच्या घरचंच काम आहे."

अध्यक्षांनी विचार केला. "कापड किती लांब घेता येईल?"

"हवं तेवढं. जमिनीपर्यंत."

"म्हणजे पदवीपण बसेल," ते म्हणाले, आणि राखाडी कीबोर्ड आमचा झाला.

मामांच्या बाहेरच्या खोलीत तीन रविवार ध्वनिमुद्रण चाललं. ते डाव्या हातानं आधी लहान तोंडावर एक-एक ठोका मारायचे. जोरात, हलका, कडेवर. मग मोठ्यावर. मी प्रत्येक ठोका वेगळा पकडून एकेका पट्टीवर बसवला. दोन्ही हात कसे पडायचे ते मामा तोंडानं म्हणून दाखवायचे आणि मी पट्ट्यांवर तसं वाजवायची. शेजारच्या बाईचा कुकर बंद झाला की आम्ही काम करायचो, शिट्टी झाली की थांबायचो. एका ठोक्यात अजूनही बारीकशी शिट्टी आहे.

पहिल्यांदा सगळं जुळवून ऐकवलं तेव्हा मामांनी तोंड वाकडं केलं. "हे पोलीस चालल्यासारखं वाटतं."

दोष माझाच. यंत्रात एक सोय असते: थोडा मागं-पुढं पडलेला ठोका ते आपणहून सरळ रेषेत आणून ठेवतं. ती सोय मी शहाणपणानं चालू ठेवली होती. ती बंद केली. पुन्हा वाजवलं. मामा ऐकत राहिले आणि त्यांचा डावा हात मांडीवर पडायला लागला. सून दारात पदराला हात पुसत उभी होती. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली.

पण गोंधळाच्या चार दिवस आधी सभागृहात तालीम झाली आणि घोटाळा झाला. दोघे गाणारे तिसऱ्या फेरीपर्यंत आले आणि धापा टाकायला लागले. चौथीला एकानं गाणं सोडून खुर्ची पकडली.

"वेग जास्त ठेवलास," तो म्हणाला.

वेग जास्त नव्हता. मामांच्याच एका जुन्या कॅसेटच्या सुरुवातीवरून मी तो मोजून घेतला होता. मामा मागं बसून सगळं ऐकत होते. "ताल बरोबर आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "तरी बेडा. असा नको." काय नको ते त्यांनाही सांगता येईना. काठी टेकत घरी गेले. त्या संध्याकाळी सुनेचा फोन आला. ती रडतच होती.

चार दिवस मी वेग दोन अंशांनी कमी करून पाहिला, मग तीन. गाणाऱ्यांना घरी बोलावून ऐकवलं. कमी केल्यावर गाणं झोपायचं, वाढवल्यावर ते दोघे झोपायचे. शेवटी पहिला वेग तसाच ठेवला आणि मनाशी म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते.

गोंधळ दुपारी होता, कारण सभागृहात संध्याकाळी कुणाचा तरी वाढदिवस होता. अध्यक्षांच्या वडिलांचं नाव तीन लिप्यांत, जांभळ्या ठशात, जमिनीपर्यंत लोंबत होतं. अध्यक्षांनी वाद्याचं उद्घाटन केलं: कुंकू लावलं, नारळ फोडला आणि सर्वांत मोठं लुकलुकणारं बटण दाबलं. ते डेमोचं होतं. देवीसमोर ब्राझीलचा कार्निव्हल सुरू झाला. तो बंद करायला मला पाऊण मिनिट लागलं. नवरी पदराआड हसत होती. तेवढ्यानं मला बरं वाटलं.

मामा दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. सून त्यांच्या मागं, जणू उठले तर धरून ठेवेल अशी.

पहिली फेरी छान झाली. दुसरीही. तिसरीच्या मध्यावर गाणाऱ्यांच्या गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या आणि मला काठीचा आवाज ऐकू आला. मामा उठले होते. सुनेनं खरंच त्यांचा सदरा धरला. त्यांनी तो सोडवला. सगळे गाणाऱ्यांकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघायला लागले. ते दाराकडे वळले नाहीत. खुर्च्यांमधून वाट काढत माझ्यापाशी आले.

"सरक," म्हणाले.

मी सरकले. ते बसले. "वेगाचं चाक कुठलं?"

मी दाखवलं. मी एका हातानं सूर धरून बसले होते, दुसरा हात घाबरून मांडीवर. मामांनी डावा हात चाकावर ठेवला, थोडं ऐकलं आणि ओळ संपता संपता वेग खाली आणला. फार नाही, जेमतेम.

"इथं मी दमायचो," ते माझ्या कानाशी म्हणाले. "चाळीस वर्षं. यांना वाटायचं गाण्यातच आहे तसं."

दोघे गाणारे तेवढ्यात श्वास घेऊन मोकळे झाले होते. त्यांनी मामांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या दृष्टीनं काही वेगळं घडलंच नव्हतं. मामांनी चाक हळूहळू वर नेलं. कोल्हापूर झालं, माहूर झालं. पुढच्या फेरीत ते पुन्हा त्याच जागी दमले, या वेळी थोडे जास्त. पाचव्या फेरीला त्यांचा हात थरथरायला लागला आणि त्याबरोबर तालही किंचित हलला. मी चाक धरायला हात पुढं केला तर त्यांनी कोपरानं तो बाजूला सारला.

चामुंडीचं नाव आलं. मामा अजून माझ्या शेजारीच बसलेले होते. सून दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीत कधी टेकली होती कुणास ठाऊक. शेवटच्या ठोक्यावर मामांनी स्वतः बटण दाबून ताल थांबवला, आणि यंत्रात शेवटासाठी जी वेगळी, झगमगीत अखेर भरलेली असते, ती वाजूच दिली नाही.

"आयतु," ते नातवाकडे बघून म्हणाले. "झाला तुझा."