दुखवट्याला नेलेली थेंबांची बाटली

चहाचा कप आधी खाली ठेवा. नंतर सांडला तर मला बोलू नका. एका अनोळखी माणसाच्या दुखवट्याला मी गेलो आणि तासाभरात त्याचा मुलगा होऊन बसलो! हे काय कप हातात धरून ऐकायचं असतं?

तेव्हा मी भिवंडीजवळ काल्हेरला एका गोडाऊनमध्ये कारकून होतो. लग्नाचं वय झालं होतं, पण मुलगी बघायला गेलो की मुलीचा बाप आधी माझ्या चष्म्याच्या काचांची जाडी बघायचा. शेवटी आई म्हणाली, "त्या लेन्स का काय असतात त्या बसवून घे एकदाच्या." घेतल्या.

घातल्या त्या दिवसापासून डोळ्यांत नुसती वाळू! डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, "तुमचे डोळे मुळातच कोरडे आहेत. लेन्स घालायच्या तर पथ्य पाळा. धुळीत-धुरात जाऊ नका. पंख्याचा वारा तोंडावर घेऊ नका. पापण्या पूर्ण मिटून उघडत जा. संध्याकाळी लेन्स काढून ठेवा. आणि हे थेंब लेन्सवरच घालायचे, मधूनमधून, एकेकच."

आता मला सांगा, भिवंडीत राहून धूळ टाळायची म्हणजे कसं? इकडे लूमचा कापूस उडतोय, तिकडे ट्रकचा फुफाटा. पापण्या मिटायला लागलो तर ट्रकवाले विचारायचे, "क्या बाबूजी, रात को सोये नहीं क्या?" मग बाकीचं पथ्य सोडलं आणि फक्त बाटली धरली. एका थेंबाने एवढं बरं वाटतं, तर चारांनी किती वाटेल! काय ही माझी अक्कल!

एके दिवशी शेठ म्हणाले, "शेलार गावचे नाना गेले. आपलं गोडाऊन त्यांच्याच जमिनीवर आहे. मला सुरतला जायचंय, माझ्या वतीने तू जाऊन बस. जास्त बडबड करू नकोस. एवढंच म्हण, नानांनी जागा दिली म्हणून आम्ही उभे आहोत."

मी नानांना जन्मात पाहिलं नव्हतं. वाक्य पाठ करत करत गेलो.

जमिनीला भाव आल्यावर बांधलेला दुमजली बंगला. हॉलमध्ये नानांचा हार घातलेला फोटो, त्यात नाना पेटीवर बोटं ठेवून बसलेले. खाली चटयांवर माणसं. नानांचे दोन मुलगे, थोरला काशिनाथ आणि धाकटा जनार्दन, भिंतीला टेकून मोबाईल बघत होते. कोपऱ्यात नानी, म्हणजे नानांची बायको, गुडघ्यावर हनुवटी टेकून बसलेली. मला जागा कुठे मिळाली? बरोबर! समोर उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटलेला आणि मागून उभ्या पंख्याचा वारा तो धूर थेट माझ्या तोंडावर आणतोय.

पाच मिनिटांत लेन्स डोळ्याला चिकटल्या. चारचौघांत, तेही दुखवट्यात, तोंड वर करून थेंब कसे घालणार? गुपचूप उठलो, बाहेर नळापाशी गेलो, दोन्ही डोळ्यांत बाटलीतली धार सोडली आणि परत येऊन बसलो. थेंब गालांवरून खाली.

थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा परत आलो तेव्हा शर्टाची कॉलर भिजली होती आणि हॉलमधली सगळी माणसं फोटो सोडून माझ्याकडे बघत होती.

शेजारी बामाकाका म्हणून गावातले एक म्हातारे होते. त्यांनी पाठीवर हात ठेवला. "कंच्या गावचा रं तू?"

"खारबावचा."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. काशिनाथने मोबाईल खाली ठेवला.

"आनि बापूस?"

"मी लहान असतानाच वारले. मला चेहराही आठवत नाही." आणि नेमका एक थेंब टपकन मांडीवर पडला.

"आय काय करते?"

"घरीच असते. तिला भजनाची फार आवड आहे."

अहो, सगळी माणसं एकमेकांकडे बघायला लागली! मला काय माहीत की नाना दर एकादशीला पेटी घेऊन भजनाला जायचे, आणि तेही कुठे, तर खारबावला!

एवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण शेठचं वाक्य राहिलं होतं ना! मी हात जोडले, फोटोकडे बघितलं आणि म्हणालो, "नानांनी जागा दिली म्हणून आम्ही उभे आहोत!"

जनार्दन ताडकन उठला. दोघा भावांनी मला दोन दंडांना धरून मागच्या पडवीत नेलं.

"हे बग भाऊ," काशिनाथ दात खात कुजबुजला, "आयेच्या कानावर जाता कामा नये. जी जागा दिली ती दिली. वरती अजून एक गुंठा लिहून देतो. पन परत या दारात येऊ नको."

"मला कशाला गुंठा?"

"दोन घे!" जनार्दन म्हणाला. "पन सातबाऱ्यावर नाव चढवायचं न्हाय!"

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पायांखालची फरशी सरकली. देवा! हे लोक मला कोण समजतायत? आणि माझ्या आईला कोण समजतायत?

तेवढ्यात दारात नानी उभी. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाला, खरं सांग," ती म्हणाली. "दर एकादशीला मी त्याला माज्या हातानं डबा बांधून दिला. माजा म्हातारा भजनालाच जायाचा ना रं?"

मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं कधीच झालं नव्हतं. खिशातून बाटली काढली. "नानी, आईशपथ, मी नानांना ओळखतसुद्धा नाही! मी गोडाऊनचा कारकून. मी रडत नव्हतो, हे औषध आहे, डोळे कोरडे पडतात माझे!"

"डोल्याचं पानी बाटलीत?" जनार्दन ओरडला. "येडा समजतो काय?"

आता पुरावा म्हणून काय द्यायचं? मी डोळा फाकवला, चिमटीत लेन्स धरली आणि ओढून काढली.

"आई गं! डोला काढला त्यानं!" मागून एक बाई किंचाळली. दुसरी मटकन खाली बसली. बामाकाका तेवढे पुढे आले. माझ्या बोटावरची लेन्स निरखून बघितली, बाटली घेतली, पिचकन आपल्याच डोळ्यात पिळली. मला थांबवायलाही सुचलं नाही. त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं.

"आरं, खरंच की!" ते म्हणाले. "मी पन रडतंय! आनि मला तर नाना आवडत पन नव्हता!"

नानीने डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. "भजनालाच जायाचा," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने बामाकाकांच्या हातातून बाटली घेतली आणि पोरांपुढे धरली.

"घ्या. तुमी पन घाला दोन-दोन थेंब. बापाला जालून आल्यापासून तुमचे डोले कोरडेच हायेत."

मी तिथून जो सुटलो, तो एक डोळा उघडा, एक मिटलेला, थेट खारबाव. बाटली नानीकडेच राहिली.

आई तांदूळ निवडत होती. तिला सगळं सांगितलं, एकही गोष्ट लपवली नाही. वाटलं, हसेल, नाहीतर चिडेल.

तिचा हात ताटातच थांबला. "शेलारचे नाना? पेटी वाजवायचे ते? गेले?"

आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

मी थिजलो! घसा कोरडा, डोळे तर होतेच. जीभ आवरायला हवी होती हो, पण आवरली तर तो मी कसला? अगदी हळू आवाजात विचारलं, "आई... फक्त भजनच ना?"

फाडकन आवाज झाला. आणि भिवंडीतल्या त्या डॉक्टरला जे जमलं नव्हतं, ते आईने एका हाताने केलं. माझ्या दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, बाटलीशिवाय!