फळ्यावरचं सातवं कारण

आमच्या पेठेच्या तालमीसमोर भिंतीला एक काळा फळा आहे. एरवी त्यावर कोणाचा वाढदिवस, कोणाचं निधन, पाणी कोणत्या दिवशी येणार नाही, असलं काहीतरी असतं. फुटबॉलचा हंगाम सुरू व्हायच्या आधीचा आठवडा मात्र तो दुसऱ्या कशाला मिळत नाही. त्या आठवड्यात रोज सकाळी फळ्यावर एक कारण लिहितात, औंदा आपण का जिंकणार याचं. सात दिवसांची सात कारणं. शेवटचं पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी लागतं आणि ते सगळ्यात भारी असलं पाहिजे असा दंडक आहे. लिहिणारे आण्णा सत्तरीचे आहेत. शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांनी स्वतः कधी चेंडूला पाय लावलेला नाही.

लग्न होऊन आल्यापासून ही कारणं मी वाचते आहे. इतक्या वर्षांत चारदा आम्ही कप आणला. बाकीच्या वर्षीही कारणं तितकीच चांगली होती.

माझी पिठाची गिरणी फळ्यापासून चार दुकानं सोडून आहे. गिरणी चालू असली की बोलता येत नाही, ओरडावं लागतं. त्यामुळे माझी उत्तरं एका-दोन शब्दांची असतात. पुढचं बरंचसं या सवयीमुळे झालं, म्हणून आधीच सांगते.

मुलगा तालमीच्या फुटबॉल संघात पुढे खेळतो. नऊ नंबर. वय बावीस. गेल्या हंगामात त्याचा डावा गुडघा गेला. आतली शीर तुटली होती, ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टर पडद्यावर चित्र दाखवत होते तेव्हा मला गिरणीचा पट्टा बदलायचा राहिलाय हे आठवत होतं. नवरा रडला, मी फॉर्म भरला. मला तेव्हा काही वाटलं नाही आणि नंतरच्या सात महिन्यांतही फारसं वाटलं नाही. बर्फ लावला, पट्टी बांधली, व्यायामाला नेलं-आणलं. कामं होती, ती केली. शेजारणी म्हणायच्या, खमकी हाय बाई. खमकेपणाचा काही संबंध नव्हता. हाताला मुंग्या येऊन बधिर होतो ना, तसं काहीतरी होतं, आणि हात बधिर असला तरी डबा उचलता येतो.

गिरणीत येणारा प्रत्येक जण विचारायचा, "पोराचा गुडघा कसा हाय?"

मी ओरडून सांगायची, "बरा हाय."

आमच्याकडे अतिदक्षता विभागात असलेल्या माणसालाही बरा हाय म्हणतात. विचारणारा तेवढ्यासाठीच विचारतो आणि डबा घेऊन जातो. फुटबॉलच्या बाबतीत तो नियम लागू नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दिवाळी झाली, हंगामाची तारीख लागली. आधीच्या रविवारी आण्णांनी पहिलं कारण लिहिलं. नवा गोलकीपर आजऱ्याचा, सहा फूट दोन इंच, दारात उभा राहिला की दार दिसत नाही. सोमवारी दुसरं. पहिला सामना ज्यांच्याशी, त्या समोरच्या पेठेचा कॅप्टन नोकरीला पुण्याला गेला. मंगळवारचं असं होतं, की नवे टी-शर्ट नृसिंहवाडीला नेऊन दत्ताच्या पायावर घातले आणि येताना गाडी पंक्चर झाली नाही. बुधवारी सराव सामन्याच्या गडबडीत फळा कोरा राहिला आणि सामना हरलो, तर गुरुवारी फळ्यावर, "सरावात हरलो. सरावात हरलेल्या वर्षी कप आपलाच, इतिहास बघा." इतिहास कोणी बघितला नाही. शुक्रवारचं कारण उन्हाचं होतं. दुसऱ्या हाफमध्ये ऊन त्यांच्या गोलकीपरच्या डोळ्यांवर येणार होतं.

ही पाच झाली. सहावं सांगण्यासारखं नव्हतं, ते शुक्रवारीच खाली बारीक अक्षरात उरकून टाकलं होतं. आण्णांना सातव्याला मोकळा फळा हवा होता.

आमच्या शेजारचे एसटीतले रिटायर्ड कंडक्टर गुरुवारी जोंधळे घेऊन आले. वजनाला डबा ठेवला आणि हसत उभे राहिले.

"वयनी, सातवं कारण तर तुमच्याच घरात हाय की."

मी गिरणी बंद केली. "काय?"

"नऊ नंबर. आण्णांनी ठरीवलंय. तुमीच सांगितलं न्हवं, गुडघा बरा हाय म्हणून?"

"मी कुठं सांगितलं?"

"सगळ्यास्नी सांगताय की. मला सांगितलं, आमच्या हिला सांगितलं. आईनंच बरा हाय म्हटल्यावर डाक्टर कशाला पायजे?"

मी डब्याचं वजन केलं आणि गिरणी चालू केली.

शुक्रवारी मुलाला स्कूटरवर बसवून व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे नेलं. वयानं लहान आहेत, पण बोलायला सरळ. त्यांनी टेपनं दोन्ही मांड्या मोजल्या. डावी बारीक होती. मग त्याला एका बुटक्या स्टुलावरून एका पायावर खाली उतरायला लावलं. उजव्या पायावर नीट उतरला. डाव्यावर उतरताना गुडघा आत वळला आणि थरथरला. मलाही दिसलं.

"सराव करू दे," बाई म्हणाल्या. "सामना नाही. अजून दोन महिने तरी नाही. आत्ता गुडघा परत गेला तर मग फुटबॉलचं मी काही सांगू शकणार नाही." हे त्यांनी कागदावर लिहूनही दिलं.

येताना तो मागे बसून माझ्या खांद्याजवळ बोलत होता.

"आई, घरात सांगू नको."

"घरात म्हंजे कुणाला?"

"पप्पांना. आन गिरणीत."

"खेळणार हाईस तू?"

"वीस मिनिटं. शेवटची."

"गुडघा जायला किती मिनिटं लागली हुती?"

तो मागे सरकून बसला. सिग्नलला म्हणाला, "फळ्यावर माझं नाव येणार हाय उद्या. पैल्यांदा येणार हाय."

घरी गेल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही, लक्षात ठेवावी लागते. नवरा फौंड्रीत आहे आणि एके काळी याच संघात बॅक खेळायचा. त्यानं कागद वाचला, घडी केली.

"ह्या बायका घाबरवत्यात," तो म्हणाला. "मी तापात खेळलोय."

"ताप उतरतो."

"वीस मिनिटांनी काय हुतंय गं. पोरगं सात महिनं वाट बघतंय."

त्याच्याशी वाद घातला नाही. त्याचंही सातवं कारण तेच होतं.

शनिवारी सकाळी सहाला फळ्याकडे गेले. आण्णांनी ओल्या फडक्यानं फळा पुसून ठेवला होता आणि रंगीत खडू ओळीनं मांडले होते. कंडक्टर आणि आणखी तीन-चार जण चहा पीत उभे होते.

"आण्णा, त्याचं नाव लिवू नका," मी म्हणाले. "तो उद्या खेळत न्हाय. गुडघा तयार न्हाय. काल दाखवून आलोय."

एकानं पेला कट्ट्यावर ठेवला. मला वाटलं, झालं काम.

मग कंडक्टर म्हणाले, "भारी."

"काय भारी?"

"आवो, हेच फळ्यावर घालायचं. नऊ नंबर खेळत न्हाय. दुपारपतूर त्या पेठेत बातमी जाती. त्ये निवांत ऱ्हात्यात. आन सत्तराव्या मिनिटाला आपण ह्याला आत सोडायचा."

"मी खरं सांगतीय," मी म्हणाले.

"व्हय की. असंच म्हणायचं कुणी इचारलं तर. आन तोंड बी असंच ठेवायचं."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्या तोंडावर एरवीही काही दिसत नाही. ते आता त्यांच्या कामाला आलं. आण्णांनी पिवळा खडू उचलला आणि सुरेख अक्षरात लिहिलं, "कारण सातवं : नऊ नंबर खेळणार नाही." खाली एक डोळा मिटलेला चेहरा काढला. त्यांचा हात अजून चांगला चालतो.

तिथे आणखी बोलण्यात अर्थ नव्हता. वाईट बातमीचंही ज्यांना कारण करता येतं, त्यांना सांगायचं काय? सांगायचं तर निवड करणाऱ्याला. मी घरून कागद घेतला आणि मैदानावर गेले.

कोच पोरांना पळवत होते. चाळिशीचे, बाहेरून आणलेले, माझ्याशी अदबीनं बोलणारे. मुलगा पलीकडच्या गोलजवळ चेंडू घोळवत होता. त्यानं मला बघितलं आणि थांबला.

मी कोचना कागद वाचायला दिला. त्याच्या मागच्या बाजूला येतानाच तीन ओळी लिहिल्या होत्या. "मी हे वाचले आहे. तरीही मी याला खेळवत आहे. पुढे गुडघ्याचे काही झाले तर जबाबदारी माझी."

"इथं सही करा," मी म्हणाले आणि पेन पुढे केलं.

"काकू, तो स्वतः म्हणतोय फिट आहे."

"मग करा की सही."

त्यांनी पुढची बाजू पुन्हा वाचली, मग मागची. पेन हातात धरलं. तालमीचे दोघे जण कट्ट्यावरून आमच्याकडे बघत होते, त्यांच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग पेनाला टोपण लावून मला परत दिलं, कागदही दिला.

"यादी दुपारी टाकतो," म्हणाले.

दुपारी यादी मोबाइलवर आली. वीस नावं, त्यात त्याचं नव्हतं.

तो गिरणीत आला तेव्हा जोंधळे दळत होते. दारात उभा राहिला. मी गिरणी बंद केली, दळण दगडात अर्धवट अडकलं.

"तू गेलतीस ग्राउंडवर?"

"व्हय. तू बघितलास की."

"सगळ्यास्नी वाटतंय मी डाव हाय. आण्णा, पप्पा, सगळी पेठ. उद्या सत्तरावं मिनिट हुईल आन लोक माझं नाव घेतील. मी कुठं बघू?"

"गोलकडं बघ."

"तुला काईच वाटत न्हाय का गं?"

मी जरा विचार केला. उत्तर खरं द्यायचं म्हणून केला. "आत्ता तरी न्हाय," मी म्हणाले.

तो गेला. अडकलेलं दळण हातानं काढून मी मोटर परत चालू केली.

रविवारी दुपारी पेठ रिकामी झाली. नवरा झेंडा घेऊन गेला, माझ्याशी न बोलता. मुलगा त्याच्यानंतर अर्ध्या तासानं गेला, साध्या कपड्यांत. मी गिरणी बंद ठेवून चाळण साफ केली, गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावून घेतली. हरलो तर काय होईल हे मी आधीच धरून चालले होते. लोक दळणाला दुसरीकडे जातील, दोन-तीन महिने. नवरा बोलणार नाही, तेवढेच महिने. सोसण्यासारखं होतं.

साडेपाचला फटाके वाजले, आपल्या बाजूचे.

नवरा आला तेव्हा त्याला आवाज राहिला नव्हता. दोन बोटं दाखवली, मग मूठ. दोन-शून्य. मागून कंडक्टर आलेच, गुलालानं लाल झालेले.

"वयनी, काय डाव टाकलासा. फळ्यावरचं त्यांस्नी खरं वाटलंच न्हाय. त्यांचे दोन बॅक सगळी मॅच बेंचकडं बघत हुते, नऊ नंबर कवा उठतोय म्हणून. आन तेवढ्यात आपला नवा पोरगा दोनदा मोकळा सुटला."

"मी डाव टाकला न्हवता," मी म्हणाले.

"व्हय की," ते म्हणाले आणि चहा मागितला.

दोन्ही गोल मारणारा नवा पोरगा एकोणीस वर्षांचा होता, पुढे, मुलाच्या जागेवर खेळणारा. कंडक्टरांनी ते गोल दोनदा सांगितले. नवऱ्यानं मला मागे हो म्हणून खूण केली आणि चहा त्यानंच टाकला. आमच्यात माफी एवढीच असते.

मुलगा अंधार पडता पडता आला. केसांत गुलाल होता. खुर्चीवर बसून त्यानं डावा पाय समोरच्या स्टुलावर सरळ ठेवला. मी ताट वाढलं. भाकरी अर्धी खाऊन झाल्यावर म्हणाला, "दुसरा गोल झाला तेव्हा मी पायरीवरनं उडी मारली."

"कुठल्या पायरीवरनं?"

"वरच्या. ध्यानातच आलं न्हाय."

"कुठल्या पायावर उतरलास?"

"ते बी ध्यानात न्हाय. सगळी उड्या मारत हुती."

मी ताट बाजूला केलं आणि त्याची पँट गुडघ्याच्या वर सरकवली. दोन्ही हातांनी दोन्ही गुडघे धरले, तुलना करायला. डावा थोडा गरम वाटला. मग उजवाही तितकाच गरम वाटला. मग काही कळेना, बधिर हात जागा होताना टोचतो तसे माझेच हात टोचत होते. तो वरून बघत होता. मी हात काढले नाहीत.