मुहूर्त मी काढला होता

माझ्या भक्तीपायी माझ्या नातीचा जीव धोक्यात आला, हे कागदावर लिहायला मला दीड वर्ष लागलं. लोक आपले अनुभव लिहितात तेव्हा संकट बहुधा बाहेरून आलेलं असतं. माझ्यावरचं संकट मी स्वतः आणलं होतं, चष्मा लावून, पंचांग उघडून, तास-मिनिटं नीट बघून.

मी मूळची कोकणातली. सिल्वासातल्या शाळेत विज्ञान शिकवायला आले त्याला सव्वीस वर्षं झाली. दत्ताची भक्ती माहेरची आणि हुकूम सोडायची सवय शाळेतली. हे दोन्ही एकत्र आलं की माणूस देवालाही वेळापत्रक लावून देतो. माझी एकुलती एक मुलगी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. बाळ पायाळू होतं, पाय खाली नि डोकं वर, त्यामुळे सिझेरियन करायचं हे ठरलेलंच होतं. प्रश्न होता फक्त दिवसाचा. ऑपरेशन करायचंच आहे तर ते चांगल्या मुहूर्तावर का नको, अशी आता आमच्यात रीतच पडली आहे. मी पाहिलं तर सदतीस आठवडे भरले की दुसऱ्याच दिवशी गुरुपुष्यामृत येत होतं. गुरुवार, म्हणजे माझ्या दत्ताचा वार, आणि वर पुष्य नक्षत्र. मला तो संकेतच वाटला.

डॉक्टर गुजराती, आणि एके काळी माझ्याच वर्गात बसलेली. मी एकटीच जाऊन तिला भेटले. ती म्हणाली, "टीचर, अजून दहा-बारा दिवस थांबू या ने. मधे कळा सुरू झाल्या तर लगेच घेऊ. बाळाला ते जास्त चांगलं." मी माझ्या वर्गातल्या आवाजात विचारलं, "सदतीस आठवडे म्हणजे पूर्ण दिवसच ना?" तिने आणखी दोनदा समजावून पाहिलं. शेवटी म्हणाली, "चालेल, पण माझा सल्ला थांबायचाच आहे." घरी येऊन मी मुलीला यातला एकच शब्द सांगितला. चालेल.

गुरुवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी नात जन्मली. रडली, मी ऐकलं. जावयाने जवळच्या गलोंडा गावातल्या आपल्या कंपनीत फोन करून पेढे सांगितले, आणि मी बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल असं "गुरुदेव दत्त" म्हणाले. अर्ध्या तासात बाळ कण्हायला लागलं. नाकपुड्या फुलत होत्या, फासळ्यांखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. श्वास मिनिटाला ऐंशीच्या वर. तिला काचेच्या खोलीत नेलं आणि नाकाला नळी लावून दाबाने हवा सुरू केली.

तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी मला समोर बसवून सांगितलं. पोटात असताना बाळाची फुप्फुसं पाण्याने भरलेली असतात. श्वास घ्यायचा नसतो, म्हणून बरंचसं रक्त तिकडे न जाता हृदयातल्या एका झरोक्यातून आणि एका छोट्या रक्तवाहिनीतून परस्पर पुढे जातं. जन्मल्यावर पहिल्या काही श्वासांत फुप्फुसं उघडतात, त्यांच्यातला दाब उतरतो, रक्त तिकडे वळतं आणि तो झरोका आपोआप मिटतो. कळा सुरू झाल्या की बाळाचं अंग याची तयारी आधीपासून करू लागतं, फुप्फुसं पाणी शोषून घ्यायला लागतात. "हिला ती तयारी करायला मिळालीच नाही," ते म्हणाले. "बहुतेक बाळं एक-दोन दिवसांत सावरतात. पण फुप्फुसातला दाब उतरला नाही, तर रक्त त्या जुन्याच रस्त्याने जात राहील. मग हिला मोठ्या ठिकाणी हलवावं लागेल."

बोलताना त्यांनी मला दोष दिला नाही. मुहूर्त कुणी काढला हे त्यांना माहीतही नसावं. मी सव्वीस वर्षं फळ्यावर लाल-निळ्या खडूने हृदय काढत आले होते, झडपांची नावं पोरींकडून घोकून घेत होते. ते हृदय असं एका श्वासात आपला रस्ता बदलतं, हे मी कधी शिकवलंच नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली आणि भीती तर इतकी वाटली की बाकावर बसल्या बसल्या मी नवस बोलत सुटले. अनवाणी येईन, भात सोडीन, साखर सोडीन. एका नवसावर भागेना की लगेच दुसरा.

मला आत सोडलं तेव्हा माझ्या मुठीत अंगाऱ्याची पुडी होती. सिस्टरने ती बाहेर ठेवायला लावली, कोपरापर्यंत हात धुवायला लावले. मी नातीच्या कपाळावरून, छातीवरून, पायांवरून हात फिरवत राहिले आणि तोंडाने मोठ्याने नाम घेत राहिले. मशीन वाजायला लागलं. श्वास आणखी वाढला. सिस्टर म्हणाली, "मॅडम, प्लीज बाहेर बसा." देवाचं नाव घेतल्याबद्दल मला वर्गाबाहेर काढलं होतं.

बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसली होती. खानदेशातली, अथालच्या धाग्याच्या कंपनीत कामाला. तिचं कमी दिवसांचं बाळ बारा दिवसांपासून आत होतं. तिने काचेतून सगळं पाहिलं होतं.

"काकू, तुम्ही लई हात फिरवता," ती म्हणाली. "एवढ्या लहान लेकराला ते झेपत नाही, थकतं ते. मी बी पहिले तेच करायची."

"मग करू तरी काय?"

"काहीच नाही. एक हात डोक्याला, एक पायाला, अन् ठेवून द्यायचा. हलवायचाच नाही. अन् तोंड बंद."

मला आजवर कुणी तोंड बंद ठेवायला सांगितलं नव्हतं. एरवी मी त्या बाईला दोन शब्द सुनावले असते. त्या वेळी मात्र रडायला आलं आणि मी नुसती मान हलवली.

चार वाजता पुन्हा आत गेले. एक हात डोक्याला, एक पायाला. सवयीने घड्याळाकडे बघून श्वास मोजायला लागले, शहाऐंशी, पुन्हा शहाऐंशी. मग मोजणंही सोडलं. माझ्या तळव्याखाली तिचं डोकं गरम होतं आणि सगळं अंग श्वासाबरोबर हलत होतं. आत जे काही उघडायचं होतं, मिटायचं होतं, तिथे माझा हात पोचणार नव्हता, डॉक्टरांचाही नाही. मी मनात म्हटलं, दत्ता, मला आता मागताही येत नाही. तू आणि ही, दोघं बघून घ्या. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला काही सुचवलं नाही. थोड्या वेळाने सिस्टर हळूच म्हणाली, "बहात्तर." मी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत श्वास साठाच्या खाली आला. संध्याकाळी नळी निघाली. हृदयाची सोनोग्राफी झाली, रक्त नव्या वाटेला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, "बाळ आपोआप सावरणारच होतं बहुतेक." असेलही. मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की जिन्यात बसून मी पोटभर रडले, नंतर खाली जाऊन दोन वडापाव खाल्ले.

त्या खानदेशी बाईला मी म्हटलं, "माझ्यासाठी तूच दत्त होऊन आलीस गं." ती हसायलाच लागली. "काय काकू! मला बी आधीच्या एका बाईनं सांगितलं होतं. तिचं लेकरू घरी गेलं. माझ्या सोनूला बी परवा सोडतील." तिच्या त्या हसण्याने माझा विश्वास कमी झाला नाही, उलट मोठाच झाला.

तिसऱ्या दिवशी बाळ मुलीकडे दिलं. ते दूध पिऊन झोपलं तेव्हा मी दार लोटलं आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरने तीनदा थांबा म्हटलं होतं. मी तुला फक्त चालेल एवढंच सांगितलं.

मुलीने बाळाचं दुपटं सारखं केलं. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "सही घेताना डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं. तुझं मन मोडवेना, म्हणून केली सही."

"माझा राग आला असेल."

"खूप आला. अजून आहे. आधी हिला घे, हात अवघडलाय माझा."

मी हात पुढे केले. तिने माझ्याकडे न बघता, पण मान नीट सावरून, बाळ माझ्या ओंजळीत ठेवलं. मी क्षमा मागितली नाही, नवस बोलले नाही, तोंडाने नामही घेतलं नाही. दत्तगुरूंनी आणि माझ्या मुलीने जेवढं दिलं, तेवढं दोन्ही हातांनी घेतलं आणि हात न हलवता बसून राहिले.