मामांच्या तंबाखूचा खर्च

माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं सासरच्यांना माझ्याबद्दल दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: पोरगी तापट आहे आणि तिचा हात आखडता आहे. बहात्तरच्या दुष्काळात दोन्ही कामी आल्या. दुसरी जरा जास्तच आली.

आमचं गाव येरमाळ्यापासून दोन कोस आत. घरात माणसं पाच. मी, मालक, दोन लेकरं आणि सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. सासूबाई मी घरात येण्याआधीच गेल्या होत्या. मालक गावच्या सोसायटीत लिहिण्याचं काम करायचे. ज्वारी लागोपाठ बुडाली, सोसायटीची वसुली थांबली आणि वसुली नाही म्हणून मालकांचा पगारही रखडला. कधी पंधरवड्यानं वीस रुपये हातात पडायचे, कधी महिना कोरडा जायचा. मालक स्वभावानं मऊ. एकदा ते दुकानातून उधार आणायला निघाले, तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले आणि म्हणाले, "आजपासून येईल तो पैसा माझ्याकडं द्या. उधारीचं नाव काढायचं नाही." त्यांना उलट सुटल्यासारखंच झालं.

मग मी सुटले. चहा एक वेळचा झाला, तोही गुळाचा. तव्याला तेल चिंधीनं पुसायचं. कंदील एकच, त्याच्याच उजेडात भाकरी आणि त्याच्याच उजेडात लेकरांची पाटी. साबण बंद, रिठे चालू. मालकांना कळंबला काम निघालं तर एस.टी. नाही, सायकल. माझ्या केसांचं तेलही मी सोडलं नाही, त्यालाही कात्री लावली. शेजारीण म्हणायची, "हिच्या घरातले उंदीर बी गाव सोडून गेले." मला राग यायचा, पण खरं सांगायचं तर आतून अभिमानही वाटायचा. चांगली चांगली घरं दुकानदाराच्या वहीत अडकली होती. आमचं नाव त्यात नव्हतं.

अशी सगळीकडं कात्री फिरवत मी मामांपर्यंत आले. बाजारादिवशी मालक त्यांना पान-तंबाखूला रुपया द्यायचे. त्या रुपयात रेशनचा मिलो, ती अमेरिकेची तांबडी ज्वारी, येतो, लेकरांची एक दिवसाची भाकरी होते, असं माझ्या डोक्यात घोळत होतं. म्हाताऱ्या माणसाला कसं सांगावं, याचा मी फार विचार केला नाही. सरळ सांगितलं, "मामा, पाऊसपाणी होईपर्यंत तंबाखू बंद करावी म्हणते."

मामा हसले. "बरं झालं पोरी. म्या बी तेच म्हननार हुतो. चघळायला दात कुठं राहिलेत?"

त्यांची एक चंची होती. कप्प्याकप्प्यांची कापडी पिशवी, एका कप्प्यात सुपारी, एकात चुन्याची डबी, एकात तंबाखू. गुंडाळी करून ती कमरेला खोचायची आणि भाकरी खाऊन पारावर जायचं, हा त्यांचा नेम. पैसे बंद झाल्यावरही तो चुकला नाही. रिकामी चंची कमरेला खोचून ते रोज सकाळी बाहेर पडत आणि ऊन तापलं की परत येत. मी म्हटलं, चला, पारावर कुणी ना कुणी चिमूटभर देत असेल. आपला रुपया वाचला आणि त्यांचंही भागलं. तेव्हा मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

दोन महिने गेले. मामा घरात फारसं बोलेनासे झाले. पूर्वी पारावरून आले की गावभरच्या बातम्या आणायचे. कुणाची बैलं छावणीत गेली, कुठल्या नालाबांधाच्या दुष्काळी कामावर माणसं घ्यायला लागलेत, टँकर कधी येणार. आता विचारलं तर म्हणायचे, "काय न्हाय. हाय तेच हाय." त्या दोन महिन्यांत रेशनवर मिलो आल्याचं मला दोनदा उशिरा कळलं. मी दुपारी पोहोचले तेव्हा पोती झटकून झाली होती. दोन्ही वेळा मी दुकानदाराशी भांडून घरी आले.

एका सकाळी मामांच्या बरोबरीचे एक म्हातारे दारात येऊन उभे राहिले. पारावरचे त्यांचे जुने सोबती. काठी टेकत त्यांनी विचारलं, "म्हातारा लई आजारी हाय का?"

"आजारी कशानं? आत्ताच पारावर गेलेत की," मी म्हणाले.

ते माझ्याकडं बघतच राहिले. "पारावर? दोन म्हैनं झाले, त्यो पारावर आला न्हाय."

मग त्यांनीच सगळं सांगितलं. पारावरची रीत अशी, की आज एकानं चंची सोडायची आणि सगळ्यांना द्यायची, उद्या दुसऱ्यानं. मामांनी पहिले चार दिवस इतरांची घेतली. पाचव्या दिवशी कुणीतरी सहज म्हणालं, आज तुझी सोड. मामा कमरेला हात लावून उठले आणि काम आठवलं म्हणून निघून गेले. "आमी काय मागत हुतो व्हय? उठताना नुस्तं बस म्हनलं तरी ऐकलं न्हाय," म्हातारा म्हणाला आणि डोळे पुसत निघून गेला.

मी तशीच, डोक्यावरचा पदर सावरत मामांना शोधायला गावाबाहेर निघाले. मामा ओढ्याच्या काठाला बाभळीखाली बसले होते. ओढ्यात नुसती वाळू. बघायला काही नाही, बोलायला कुणी नाही. दोन महिने हा माणूस रोज इथं येऊन बसत होता आणि वेळ झाली की पारावरून आल्यासारखा घरी येत होता. मला वाईट वाटू नये म्हणून!

मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो. "मामा, सांगायचं नाही का मला?"

"काय सांगायचं? तू लेकरांच्या तोंडचं काढून मला द्यायचीस. रोज रोज दुसऱ्याची चिमूट कुठवर घ्यावी मान्सानं? हात म्होरं होत न्हाय, पोरी."

मी तडक घरी आले, शाळा उघडल्यावर पाटी-दप्तराला लागतील म्हणून डब्यात ठेवलेल्या पैशांतला दीड रुपया घेतला आणि दुकानात जाऊन तंबाखू, सुपारी आणि चुना मागितला. दुकानदार मिलोवरून मला ओळखून होता. म्हणाला, "वैनी, कुनाला पायजे?" मी म्हणाले, "मला!" त्यानं गुपचूप पुडी बांधली.

मामा काही केल्या घेईनात. शेवटी मी म्हणाले, "दुकानदार पुडी परत घेत नाही. तुम्ही नाही घेतली तर चुलीत घालते." हे मी खरंच केलं असतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी चंची भरली.

पुडी आठ दिवस पुरेल असा माझा हिशेब. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा परत आले ते कितीतरी दिवसांनी गुणगुणत. चंची खुंटीला अडकवली तर ती चपटी! मी उलटी करून झटकली. दोन कण पडले.

"मामा, आठ दिवसांची होती ती!"

"वाटली," मामा म्हणाले. "दोन म्हैन्यात एकदा बी माझी पाळी झाली न्हवती. सगळ्यास्नी बोलावून बोलावून दिली. आन आइक, उद्या मिलो येनार हाय दुकानात. सकाळच्या पारी नंबर लाव."

माझ्या जिभेवर आलं होतं, की लेकरांच्या पाटीचे पैसे होते ते. पण त्यांचा चेहरा बघितला आणि गप्प बसले. लेकरांनी जुनी फुटकी पाटी आणखी एक वर्ष वापरली.

दुसऱ्या सकाळी मी मिलोच्या रांगेत उभी होते. दुकानासमोरच पार. मामा आले, रिकामी चंची कमरेला खोचून, आणि आपल्या जागेवर बसले. शेजारच्यानं तंबाखू मळायला घेतली. मामा कुणाशी तरी वाद घालत होते, पावसाचाच असावा. बोलता बोलता, तिकडं न बघताच, त्यांनी शेजारच्यापुढं हात पसरला.